एकोणचाळीस मिनिटं

आमच्या माजघरातलं भिंतीवरचं घड्याळ साऱ्या देशापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे आहे. ते बिघडलेलं नाही. माझ्या वडिलांनी ते मुंबईच्या जुन्या वेळेवर लावलं होतं. त्यांच्यामागे मी दोनदा ते पुढे करायला स्टुलावर चढलो आणि दोन्ही वेळा बायकोने मला खाली उतरवलं. ती आता नाही. यंदाच्या पावसाळ्याच्या शेवटी गेली. तेव्हापासून मी या घड्याळाखाली बसून थोडं थोडं लिहितो. दिवसाला अर्धं पान होतं, कधी तेवढंही होत नाही.

लिहायचं आहे ते एका संध्याकाळबद्दल.

वडील रत्नागिरीच्या बंदरावर कचेरीत कारकून होते. आगबोटी मुंबईच्या वेळेने येत-जात, आणि वडिलांचा सारा जन्म त्या वेळेने चालला. पुढे देशाची एकच वेळ ठरली. शाळा, पोस्ट, कोर्ट तिच्यावर चालू लागलं. शेवटी मुंबईनेही आपली वेळ सोडली. वडिलांनी मात्र सोडली नाही.

“माझ्या घरात सूर्य डोक्यावर आला की बारा वाजतात,” ते म्हणायचे. “दिल्लीला तो कधी येतो ते दिल्लीने बघावं.”

मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. घरात दहाचे ठोके पडले की मी निघे, कारण शाळेच्या घड्याळात तेव्हा अकराला एकवीसच मिनिटं उरलेली असत. दोन वेळांत राहण्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की आपण रोज बेरीज-वजाबाकी करतो हेच आम्ही विसरून गेलो होतो. मनगटी घड्याळ माझ्याकडे नव्हतं.

घरात आम्ही चौघं होतो. वडील, त्यांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, बायको आणि मी. आई मी लहान असतानाच गेली होती. मला वाढवलं ते आत्याने.

त्या संध्याकाळच्या आधी दोन वर्षं आमचा मुलगा गेला होता. बायकोला चौथा महिना असताना ज्येष्ठ अमावास्येला सूर्यग्रहण आलं. पाऊस असा लागला होता की आठ दिवस सूर्य कुणी पाहिला नव्हता. आत्या सकाळीच देवळात गेली होती आणि ग्रहण असल्याचं आम्हा दोघांच्या ध्यानातच राहिलं नाही. बायको विळीवर बसून टाकळ्याची भाजी चिरत होती. आत्या निथळत्या इरल्यानिशी दारात आली, तिने विळी बघितली आणि ती आडवी करून ठेवली.

कार्तिकात मुलगा झाला. त्याच्या वरच्या ओठाला चीर होती. त्याला दूध ओढता येईना. कापसाच्या बोळ्याने आम्ही दूध पाजून पाहिलं. नऊ दिवस तो होता. बारशाच्या आधीच गेला, म्हणून त्याला नाव नाही.

आत्या वाईट बाई नव्हती. तिने रडून रडून डोळे सुजवून घेतले. पण एकदा, एकदाच, चुलीपुढे तिच्या तोंडून निघून गेलं, “तेवढा टाकळा चिरला नसतास गो.” बायकोने मान वर केली नाही. मी दारात उभा होतो. वर्गात मी संत्रं आणि कंदील घेऊन ग्रहण समजावीत असे, सावली म्हणजे नुसती सावली असते असं मुलांना सांगत असे. त्या दिवशी दारात मला त्यातलं एक वाक्य बोलता आलं नाही.

त्यानंतर बायको बोलेनाशी झाली. रागाने नव्हे. बोलण्यासारखं तिच्यापाशी काही उरलं नव्हतं.

शाळेच्या वाचनालयात आकाशाच्या नकाशांचं एक जाड पुस्तक होतं. ते कुणी नेत नसे. एक दिवस मी ते घरी आणलं, का ते मलाही सांगता येणार नाही. बायकोने ते उघडलं आणि बराच वेळ एकाच पानावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाल्यावर ती म्हणाली, “अहो, सड्यावर जायचं का?”

आमच्या घरामागे जांभ्याची चढण होती, पन्नास-साठ पावलांची. वर सडा. उघडा काळा कातळ, मधून मधून गवत. तिथून पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला भाट्याची खाडी, पूर्वेला डोंगरांच्या ओळी. तिथे आम्ही रोज संध्याकाळी बसू लागलो. मृग सापडला, रोहिणी सापडली. सप्तर्षी सापडले तेव्हा कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून “अय्या” ऐकलं.

मग तिने एक वही केली. वर्तमानपत्रात महिन्याच्या आकाशाची माहिती येई, त्यावरून ती पुढे येणाऱ्या गोष्टी उतरवून काढी. अमुक तिथीला शुक्र चंद्राजवळ, तमुक रात्री उल्का. तीन रकाने. कधी, काय, आणि शेवटचा ‘दिसलं’. पावसाळ्याचे चार महिने त्या शेवटच्या रकान्यात नुसतं ‘ढग, ढग, ढग’ असे.

“आभाळातलं सगळं सांगून येतं,” ती एकदा म्हणाली. “सांगितलं त्या दिवशी, सांगितलं त्या जागी. मला ते बरं वाटतं.”

सड्यावर आमची एका तांडेलांशी ओळख झाली. ते राजिवड्याचे, सत्तरीच्या घरातले. गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, म्हणून मलबारपासून बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. आता त्यांच्या हुकमतीखाली चार शेळ्या होत्या. त्या न्यायला ते संध्याकाळी वर येत आणि माझं पुस्तक बघून हसत.

“मास्तर, कागद बघून वर बघता, नि वर बघून पुन्हा कागद. तारा तोपर्यंत बुडायचा.”

“चाचा, तुम्ही कसे ओळखत होता?”

“घरातली माणसं कशी ओळखता? कागद बघून?”

पुस्तकातला ध्रुव त्यांच्या बोलण्यात कुतुब होता आणि कृत्तिका सुरैया होत्या. त्यांनी आम्हाला बोटांनी मोजायला शिकवलं. हात सरळ पुढे करायचा, बोटं आडवी धरायची, तारा पाण्यापासून किती बोटं वर आहे ते बघायचं. सूर्य चार बोटं वर असला की बुडायला साधारण पाऊण तास.

बायकोनेही हात पुढे केला. तिची बोटं बारीक होती. तांडेल तिच्या हाताकडे बघून म्हणाले, “सूनबाईंना पाच लागतील. मास्तरांची चार, सूनबाईंची पाच. तेवढं ध्यानात ठेवा, नाहीतर गलबत खडकावर.”

त्यांच्याकडे पितळेची एक जुनी दुर्बीण होती, नळीत नळी सरकणारी. तिची एक काच कडेला फुटलेली होती. ती ते आम्हाला वापरायला देत. तिच्यातून पहिल्यांदा चंद्र बघितला तेव्हा बायकोने नळी डोळ्यापासून काढली, चंद्राकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं, पुन्हा नळी लावली. “ह्याला अंग आहे हो,” ती म्हणाली. “मला ताटलीसारखा वाटायचा.”

त्यानंतरचं वर्ष आभाळाचंच होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी समुद्रावर शेंडेनक्षत्र दिसलं. शरदात रशियाने आपला स्वतःचा चंद्र सोडला आणि ज्यांनी कधी मान वर केली नव्हती ते लोकही संध्याकाळी आळीत उभे राहून वर बघू लागले. आत्या म्हणाली, “आधीचे ग्रह पुरले नाहीत वाटतं छळायला, म्हणून आता माणसंही सोडायला लागली.”

बायकोला तेव्हा पुन्हा दिवस होते. सहावा महिना लागत होता. आणि तिच्या वहीत, तिच्याच अक्षरात, एक ओळ केव्हाची लिहिलेली होती: ‘त्रिपुरी पौर्णिमा. खग्रास चंद्रग्रहण. उगवत्या चंद्राला.’

ती ओळ घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण तिचा विषय कुणी काढत नव्हतं. आत्याने आधीच ठरवून टाकलं होतं. माजघराच्या कोपऱ्यात पाट, खिडकीला घोंगडी, हात मांडीवर. सुई नाही, सुरी नाही, पाय दुमडायचा नाही. स्पर्शापासून मोक्षापर्यंत, म्हणजे सावली लागल्यापासून सुटेपर्यंत, साडेतीन तास.

आठ दिवस आधी सड्यावरून उतरताना बायको थांबली.

“मला ते बघायचंय,” ती म्हणाली.

मी दोन पावलं पुढे गेलो होतो, तो मागे वळलो.

“मी घाबरत नाही असं नाही. रात्री पोटावर हात ठेवते तेव्हा घाबरतेच. पण माझ्या मुलाला ज्याने चिरलं म्हणतात, ते मी अजून बघितलेलंच नाही. त्या दिवशी नुसता पाऊस होता. मला एकदा ते समोरून बघायचंय. बघितलं नाही तर हे मूल कसंही झालं तरी मी जन्मभर त्या पाटावरच बसलेली असेन.”

मी म्हणालो, “बाबांना विचारतो.” भूगोलाच्या मास्तराला एवढंच सुचलं.

विचारलं शेवटी तिनेच. वडील झोपाळ्यावर होते. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पुरता उतरला होता, पंचांगातली अक्षरं दिसत नव्हती.

“मामंजी, त्रिपुरीला चंद्र उगवताना सड्यावर जाऊ का? ग्रहण लागायच्या आधी खाली येते.”

आत्या आतून म्हणाली, “त्या दिवशीच हो का बाई? बाकीच्या दिवशी चंद्र उगवतच नाही!”

“आत्याबाई, उगवता तर उगवता. ग्रहण कुठे मागतेय?”

वडिलांनी झोपाळा थांबवला. त्यांचं नातं घड्याळाशी होतं, शास्त्राशी तितकंसं नव्हतं. “स्पर्शाच्या पंधरा मिनिटं आधी घरात यायचं,” ते म्हणाले. “माझ्या घड्याळाप्रमाणे. अरे, ग्रहणाच्या वेळा मोठ्या अक्षरात लिही आणि घड्याळाखाली लाव. हिला दिसायला हव्यात, आणि मलाही.”

ग्रहणाच्या वेळा मी शाळेत बसून लिहिल्या. वर्तमानपत्रातून उतरवल्या, टाकाने, बोटभर उंच अक्षरांत: स्पर्श सव्वासहा. खग्रास पावणेआठ. मोक्ष पावणेदहा. घरी आणून कागद बायकोच्या हाती दिला. तिने भाताची खळ लावून तो घड्याळाच्या बरोबर खाली चिकटवला आणि तळव्याने गुळगुळीत केला. वडिलांनी जवळ जाऊन तो डोळे किलकिले करून वाचला आणि मान डोलावली.

वर्तमानपत्रातल्या वेळा देशाच्या होत्या. घड्याळ मुंबईचं होतं. वर्षानुवर्षं रोज एकोणचाळीस मिळवणाऱ्या माणसाने त्या दिवशी एकोणचाळीस वजा केले नाहीत.

त्रिपुरीच्या दिवशी आत्याने सकाळीच पाण्याच्या हंड्यावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्रं ठेवली. आदल्या दिवशीपर्यंत वळलेल्या त्रिपुरवाती तुपात भिजवून बाजूला झाकून ठेवल्या, मोक्षानंतर लावण्यासाठी. तांडेल सकाळी दुर्बीण देऊन गेले. “ग्रहण लागलं की आमची नमाज असते, मास्तर. मी वर यायचा नाही. तुम्ही बघा, उद्या सांगा.”

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा आम्ही निघालो. कागदाप्रमाणे ग्रहणाला तासाहून जास्त अवकाश होता.

“सहाला आला नाहीत तर मी वर येईन हो,” आत्या म्हणाली. “गुडघ्यांची पर्वा करायची नाही.”

पावलं मोजत मी बायकोला वर नेलं. सड्यावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं. सूर्य समुद्रावर टेकायला आला होता. बायकोने हात पुढे केला, बोटं आडवी धरली आणि खाली घेतली. काही बोलली नाही. आम्ही पाठ फिरवून पूर्वेकडे तोंड करून कातळावर बसलो.

चंद्र डोंगरामागून आला तो मोठा, तांबूस पिवळा, हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा. पाठीमागे सूर्य बुडत होता आणि आम्ही दोघांच्या बरोबर मध्ये बसलो होतो. मला वर्गातलं संत्रं आठवलं. संत्रं धरून उभा राहणारा मी नेहमी बाहेर असे. इथे कंदील मागे, संत्रं पुढे आणि मधली पृथ्वी म्हणजे आमच्या बुडाखालचा हा ऊन साठवलेला कातळ. मान जराही न हलवता मला पहिल्यांदाच ते अंगात जाणवलं. आपण एका गोळ्यावर बसलो आहोत आणि त्याची सावली आत्ता या क्षणी आपल्या डोक्यावरून, डोंगरावरून, लाखो कोस लांब पसरली आहे. रोजच पसरलेली असते. आज वाटेत चंद्र येणार, एवढंच.

चंद्र हळूहळू वर सरकला, पिवळा होत गेला. मग बायको म्हणाली, “खालच्या अंगाला धूर लागल्यासारखं दिसतंय.”

“ढग असेल.”

“ढग हलतो.”

मी दुर्बीण लावली. खालच्या काठाला काजळी धरली होती. मी काच धोतराने पुसली. पुन्हा बघितलं. तेवढ्यात खालून, गावाच्या बाजूने, रस्त्यावरून हाक उठली: “दे दान, सुटे गिराण!” एक आवाज, मग दुसरा, मग पोरांचा गलका.

मी दुर्बीण खाली घेतली. तो कागद, ती बोटभर अक्षरं, त्यावरचं घड्याळ, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

“चल,” मी म्हणालो. “चल खाली. माझी चूक झाली. वेळ... वेळ चुकली. लागलंय ग्रहण.”

ती उठली नाही. दोन्ही हात पोटावर होते आणि ती चंद्राकडे बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

“अगं, चल ना.”

“आता खाली जाऊन काय होणार?” ती म्हणाली. “लागलं ते माझ्यावर लागलंच की. मी बघत होते तेव्हाच लागलं. आता मला सगळं बघू द्या. अर्ध्यावरून उठले तर ते अर्धंच माझ्या डोक्यात राहील.”

मी तिच्याशेजारी बसलो. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. संत्रं, कंदील, सगळं ठाऊक असून माझी नजर चंद्रावरून तिच्या हातांकडे जात होती.

खाली घरात काय चाललं होतं ते मागाहून कळलं. गावातला गलका ऐकून आत्या वडिलांना म्हणाली, “अरे, लागलं वाटतं.” वडिलांनी घड्याळ बघितलं, कागद बघितला आणि म्हणाले, “पोरं उतावळी आहेत. अजून पस्तीस मिनिटं आहेत.” सारं गाव ओरडत होतं आणि वडील पस्तीस मिनिटांवर ठाम होते.

घड्याळात सहाचे ठोके पडले तशी आत्या निघाली. काठी टेकत, कण्हत, चढणीवरूनच बोलत.

“मेल्या, सहा वाजले! मास्तर झालास नि घड्याळ कळत नाही? अगो, ऊठ, बास झाला चंद्र. आता पंधरा मिनिटांत...”

ती सड्यावर पोचली आणि वर बघितलं.

चंद्राचा तिसरा हिस्सा नव्हता.

मला वाटलं, आता ही किंचाळेल. ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. साठ वर्षांत तिने एकही ग्रहण बघितलं नव्हतं. दर ग्रहणाला ती माळ घेऊन आत बसलेली असे, आणि सुटल्यावर डोक्यावरून पाणी घेऊन बाहेर येई. जे टाळण्यासाठी तिने जन्मभर इतकं केलं ते तिने पहिल्यांदा बघितलं.

बराच वेळ गेला. मग ती अगदी हळू म्हणाली, “हे इतकं सावकाश होतं?”

तिने एक हात काठीवरून काढून कपाळाशी धरला.

“मला वाटायचं, झडप घालतो. गिळतो.” ती जवळ आली. “हा तर... सांज होते तसं होतंय की रे.”

“सावलीच आहे, आत्या. आपली.”

“आपली?”

“पृथ्वीची. आपण बसलोय तिची. बघ, तिचा काठ गोल आहे.”

ती बघत राहिली. मी वर्गात शंभर मुलांना जे शिकवलं होतं ते पहिल्यांदा घरातल्या एका बाईला सांगितलं. मग तिची नजर बायकोकडे गेली आणि चेहऱ्यावर जुनी भीती परत आली. बायकोने मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती उठली नाही, आणि माफीही मागितली नाही.

आत्या कातळावर तिच्या अंगाला लागून बसली. आपल्या लुगड्याचा पदर सोडून तिने तो बायकोच्या पोटावर घातला, दोन्ही बाजूंनी नीट खोचला, लहान मुलाला दुलई खोचतात तसा.

“बघ तू,” ती म्हणाली. “पोटाला दिसायला नको, एवढंच.”

बायको हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही एकदम.

त्यानंतरचा तास मी कसा सांगू? चंद्र मंदावत गेला आणि त्याच्या मापाने आभाळ भरत गेलं. पौर्णिमेला मोजक्याच चांदण्या दिसतात. त्या दिवशी त्या एकेक करून परत आल्या, बोलावल्यासारख्या. पश्चिमेला समुद्रावर शुक्र होता, त्याची रेघ पाण्यावर पडली होती. राजिवड्याच्या मशिदीत दिवे दिसत होते. चंद्राखाली आधी काहीच नव्हतं, तिथे आता कृत्तिका दिसू लागल्या. बायकोने आत्याला बोटाने दाखवल्या. “सुरैया,” ती म्हणाली. आत्या म्हणाली, “कोण?”

शेवटची उजळ कड बारीक होत होत विझली आणि चंद्र नाहीसा झाला नाही. हेच आम्हा तिघांना अपेक्षित नव्हतं. मी पुस्तकात वाचलं होतं, तरी नव्हतं. तो काळा होईल असं वाटत होतं. तो तांब्याचा झाला. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, आतून. एका काठाला थोडासा उजेड राहिला होता. आणि तो गोल होता. एरवी कधी इतका गोल दिसत नाही. कशालाही न टेकता, काळ्या आभाळात, आमच्याकडे तोंड करून तो नुसता होता. गावातला गलका थांबला होता. सड्यावरचे किडेही गप्प होते की मलाच ऐकू येत नव्हते, ठाऊक नाही.

मी आत्याला दुर्बीण पुढे केली. तिने मान हलवली. “नको रे ती नळी. आहे एवढंच मला मावत नाहीये.”

बायको कुणाशीच न बोलल्यासारखी म्हणाली, “ह्याने नाही नेलं माझं बाळ.”

आत्याने ते ऐकलं. पदराखाली तिचा हात होता, तो तिने काढला नाही.

चंद्राच्या कडेला पुन्हा उजेड फुटला तेव्हा आम्ही खाली आलो. वडील काळोखात घड्याळाखाली बसले होते. दिवा लावला नव्हता. आम्ही आल्याचं ऐकून ते म्हणाले, “घड्याळ बरोबर होतं.”

“हो मामंजी,” बायको म्हणाली. “घड्याळ बरोबरच होतं. कागद ह्यांचा होता.”

वडील बसल्या जागी आमच्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, “कसा होता?” त्यांना आता चंद्र म्हणजे एक पांढरा डाग दिसत असे. बायको त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. त्या घरात ती सलग इतकं बोललेली मी दोन वर्षांत ऐकली नव्हती. आत्या आंघोळीला गेली, येऊन त्रिपुरवाती लावल्या, तरी ती बोलतच होती.

त्यानंतरचे तीन महिने मात्र मोठे गेले. आत्या काही बोलत नसे, पण रोज रात्री देवाजवळ जास्त वेळ बसे. बायको दिवसा हसे आणि पहाटे उठून बसे. मी वर्गात ग्रहणाचा धडा टाळला.

माघात, पहाटे, मुलगी झाली. सुईणीने बाहेर येऊन सांगायच्या आधी आत्या आत घुसली. कंदील उचलून जवळ नेला आणि आपलं बोट त्या वरच्या ओठावरून, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवलं. मी दारात होतो. पुन्हा दारातच.

“अख्खी आहे,” आत्या म्हणाली. “अख्खी आहे गो.” आणि खाली बसली.

आठवड्याने आत्या कुणाला तरी सांगत होती की ग्रहण समोरून बघितलं म्हणून पोर सुखरूप झाली. बायकोने ते आतून ऐकलं. “आत्याबाई,” ती म्हणाली, “त्याला नावं ठेवायची नाहीत तशी त्याची आरतीही करायची नाही. तो आपल्या वाटेने गेला.” आत्या म्हणाली, “बरं बाई, नाही करत.” पण वहीतल्या त्या ओळीपुढे ‘दिसलं’ या रकान्यात बायकोने जे लिहिलं ते आरतीपेक्षा वेगळं नव्हतं. तिने लिहिलं होतं: ‘सगळं.’

पुष्कळ वर्षांनी, वडील आणि आत्या दोघंही गेल्यावर, एकदा मी तिला विचारलं. कागद तू चिकटवलास. वेळा वाचल्यास. सूर्य पाण्यावर किती होता ते तू बोटांनी मोजलंस. तुला खरंच कळलं नव्हतं?

ती तांदूळ निवडत होती. “मला पाच बोटं लागतात,” ती म्हणाली. “तुमची चारांत मोजून होतात. तुम्हालाच कळायला हवं होतं.” आणि सुपातला खडा उचलून तिने माझ्या तळहातावर ठेवला. त्याहून जास्त मला कधी मिळालं नाही.

यंदा ती गेली ती संध्याकाळी, दिवेलागणीला, याच माजघरात. डॉक्टरांनी आपल्या मनगटावर बघितलं आणि कागदावर वेळ लिहिली. सहा वाजून बारा मिनिटं. मुलगी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. बाहेर माणसं जमत होती, कुणीतरी पुढच्या तयारीचं विचारत होतं. मी भिंतीकडे बघितलं. घड्याळात पाच वाजून तेहेतीस मिनिटं झाली होती. कागदावरच्या वेळेला अजून एकोणचाळीस मिनिटं होती.

मी म्हणालो, “थोडं थांबा.”

मुलीने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळची गोष्ट तिने आईच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल. बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं.

मी पाटावर बसलो आणि बायकोचा हात हातात घेतला. बोटं अजून ऊन होती. ती एकेक सरळ करून मी माझ्या बोटांशेजारी लावली. चार आणि पाच, बरोबर जुळत होतं. सड्याच्या बाजूची खिडकी उघडी होती, आभाळ निवळत होतं. घड्याळात सहा वाजून बारा मिनिटं होईपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. चढणीवरून हाक मारत यायला आता कुणीच नव्हतं.